माझ्याच जबड्याचा साचा

मी तापट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. पण मग माझ्यासारख्या तापट बाईच्या टेबलाशी खुर्ची ओढून लोक आपली रडगाणी का गातात, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. कुरियरवाला पाकीट द्यायला येतो आणि त्याच्या सासूचं गाऱ्हाणं सांगून जातो. शेजारच्या दुकानातली बाई सुट्टे मागायला येते आणि अर्धा तास डोळे पुसते. मी चिडते, कपाळाला आठ्या घालते, "मला कामं आहेत" म्हणते. कोणी उठत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही कोणी उठलेलं आवडत नाही.

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही दात करून परत पाठवतो. पेशंटचा चेहरा आम्हाला कधी दिसत नाही. दिसतो फक्त जबडा, तोही प्लास्टरचा. प्रत्येक पेशंटची एक प्लास्टिकची डबी असते आणि ती टेबलावरून टेबलावर सरकत जाते. पहिल्या टेबलावर प्लास्टरकाका बसतात. ते मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतात. दुसऱ्या टेबलावर मी. मी मेणात एकेक दात बसवते, वरचे खालच्यावर टेकतात की नाही ते बघते. मेणाच्या जागी पक्कं प्लास्टिक भरायचं काम पुन्हा काकांचं. आणि शेवटी खिडकीपाशी, पॉलिशच्या चाकावर, धाकटी. वयाने सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी, बाकी तिशी गाठलेली आहे. तिने घासून गुळगुळीत केलेल्या कामावर कापसाचा बोळा फिरवायचा, असा आमच्याकडचा नियम. कापसाचा एक जरी धागा कुठे अडकला तरी तिथे खरखर आहे, म्हणजे डबी पुढे जात नाही. काचेच्या केबिनमधून मालकीणबाई सगळ्यांकडे नजर ठेवून असतात. बाई वाईट नाहीत. तोंडाने फटकळ आहेत, पण ते मी कोणत्या तोंडाने सांगू?

गेल्या वर्षी धाकटीचे वडील आंघोळीला गेले आणि तिथेच पडले. अर्धं अंग गेलं. घरात ही आणि वडील, दोघंच. दुपारपर्यंत तिची आत्या येऊन बसते, पण आत्यालाही तिचं घर आहे. तीननंतर वडील एकटे. ही लॅब सुटल्यावर धावत घरी जाणार, त्यांना उठवणार, भरवणार, हातापायाचे व्यायाम करून घेणार, आणि रात्रभर त्यांनी हाक मारली की उठणार. सकाळी चाकावर बसली की हिच्या पापण्या मिटायला लागायच्या. व्हायचं तेच झालं. दोन कवळ्या डॉक्टरांकडून परत आल्या. एकीने म्हाताऱ्या पेशंटच्या हिरडीला जखम केली होती. मालकीणबाईंनी धाकटीला केबिनमध्ये बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आणखी एक परत आली, तर दुसरीकडे काम शोधायचं. मी काही धर्मशाळा उघडलेली नाही."

धाकटी बाहेर आली ती सरळ माझ्या टेबलाशी. घरचं सगळं मला आधीपासून माहीत होतं, रोज चहाला तेच तर चालायचं. त्या दिवशी तिने नुसती खुर्ची ओढली. म्हणाली, "काकू, नोकरी गेली तर बाबांचं औषधपाणी कशावर करू? मॅडमना घरचं सांगून बघू का?"

आता इथे मी काय म्हणायला हवं होतं? "जा, सांग," एवढंच. पण माझ्यातली शहाणी जागी झाली. मी म्हटलं, "त्यांना काय सांगतेस? मी आहे ना. तू संध्याकाळी वेळेवर घरी जा. राहिलेल्या डब्या मी बघते."

तर मी बघायला लागले. लॅब सुटली की सगळे घरी, आणि काकांकडून किल्ली घेऊन मी धाकटीच्या चाकावर. पहिल्या आठवड्यात दोन-तीन डब्या असायच्या. मला पॉलिशचं काम येतं, तरुणपणी सुरुवात तिथेच केली होती. मी मन लावून करायचे. आणि इथेच माशी शिंकली. एक दिवस मालकीणबाई डब्या तपासता तपासता म्हणाल्या, "धाकटी, हात बसला की गं तुझा. काय सुंदर काम आहे." धाकटी लाजेने लालबुंद झाली. मी मान खाली घालून मेण वितळवत बसले. आणि दुसऱ्या दिवसापासून, हात बसलाय म्हणून, मालकीणबाईंनी तिच्या टेबलावर दुप्पट डब्या ठेवायला सुरुवात केली. तिच्या टेबलावर दुप्पट, म्हणजे माझ्या संध्याकाळी चौपट.

मी घरी पोचायचे तेव्हा आमचे हे जेवून टीव्हीसमोर पेंगत असायचे. हे नळदुरुस्तीची कामं करतात. बोलतात कमी, पण एकदा बोलले की पाच माणसांत सांगण्यासारखं बोलतात. एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "घरात उंदीर झालेत."

"कुठे दिसला?"

"दिसला नाही. रात्री कुरतडतो. मी उठून स्वयंपाकघर बघितलं, माळा बघितला. मग कळलं, तू आहेस."

म्हणे मी झोपेत दात खाते. कराकरा. मी त्यांनाच झाडलं, की तुमच्या घोरण्यापुढे उंदीर परवडला. पण गेले काही दिवस घास चावताना कानाजवळ कटकट आवाज येत होता. जांभई दिली की जबडा अडकायचा. डावी दाढ तर पाण्याचाही घोट सुखाने घेऊ देईना. हे म्हणाले, "नळ गळतो म्हणून लोक जोर लावून आवळतात. वायसर चेपून चेपून जातो आणि नळ गळतो तो गळतोच. डॉक्टरकडे जा."

ज्या डॉक्टरीणबाईंच्या पेशंटना मी इतकी वर्षं दात करून देते, त्यांच्याच खुर्चीत मी पहिल्यांदा आ करून बसले. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाल्या, "रात्री कुणाशी भांडता?"

"मी दिवसा भांडते. रात्री कशाला राहतंय?"

"मग दिवसा पुरेसं भांडत नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. "दाढा घासून सपाट झाल्यात. डाव्या दाढेला बारीक चीर आहे. अशीच दाबत राहिलात तर ती दाढ मी वाचवू शकणार नाही. एक गेली की शेजारची जाते, पुढचं तुम्हाला मी काय सांगणार?" मग त्यांनी मी लॅबमध्ये कितीपर्यंत बसते ते विचारून घेतलं, माझ्या तोंडात मापाचा गार गिळगिळीत लगदा भरला आणि वर म्हणाल्या, "झोपताना घालायला नाइट गार्ड करून घेऊ. आणि संध्याकाळचं जास्तीचं काम बंद. बंद म्हणजे बंद."

नाइट गार्ड म्हणजे दातांवर बसवायची एक पारदर्शक पट्टी. माणूस दातांऐवजी तीच चावत बसतो. आणि या बाईंचं सगळं काम येतं कुठे? आमच्याकडे.

दुसऱ्या दिवशी माझी डबी लॅबमध्ये आली. डबीवर नाव नसतं, नंबर असतो. मी म्हटलं, बरं आहे, गुपचूप होऊन जाईल. पण प्लास्टरकाकांना जबडा बघून गप्प बसवत नाही. पेशंटचं वय काय, स्वभाव कसा, नवराबायकोचं पटतं की नाही, सगळं ते साच्यावरून सांगतात. त्यातलं अर्धं तरी नक्की चुकीचं असतं. त्यांनी साचा मापातून सोडवला, दिव्याखाली धरला आणि मोठ्याने म्हणाले, "अरे देवा. बघा तरी. कोण बिचारी बाई आहे कुणास ठाऊक, सगळ्या गावाचं ओझं हिने दाढेवर उचललंय."

मी मेणावरून नजर काढली नाही.

"अशी बाई कशी असते सांगू?" काका रंगात आले. "तोंडाने तिखट. वरून दाखवणार, मला कुणाची पर्वा नाही. आणि आतून नुसती चावत बसणार. हिला 'नाही' म्हणता येत नसणार. पैज लावा."

धाकटी कौतुकाने ऐकत होती. "काका, तुम्ही काहीही सांगता."

"काहीही? हा पुढचा दात बघ. जरा वाकडा आहे, थेट आपल्या..." आणि काका थांबले. त्यांनी साच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच क्षणी, नको तेव्हा, तोंड उघडून काहीतरी बोलायला गेले होते, आणि माझा वाकडा दात दिव्याच्या उजेडात आख्ख्या लॅबला दिसला. काकांनी साचा हळूच टेबलावर ठेवला, जणू कुणाचं तान्हं मूल ठेवतायत. धाकटीने चाक बंद केलं. चाक बंद झालं की आमची लॅब इतकी शांत होते की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं.

दुपारी मी धाकटीला बाजूला घेतलं. काय बोलायचं ते मनात छान जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते असं, "हे बघ, उद्यापासून तुझ्या डब्या मी करणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

ती म्हणाली, "बरं काकू." एवढंच. मग म्हणाली, "मी तुमच्या दाढा खाल्ल्या." आणि तिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी म्हटलं, "रडायचं काय त्यात? मी मेलेय का?" झालं. ती जी रुसली, ती चहालाही माझ्याजवळ येईना. काकांजवळ बसून खिडकीबाहेर बघायची. मी संध्याकाळी वेळेवर घरी जायला लागले, तर घरात करमेना. ह्यांच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून भांडण काढलं. ते म्हणाले, "शाब्बास. असंच रोज थोडं थोडं."

इकडे धाकटीच्या टेबलावर डब्यांचा ढीग व्हायला लागला. परत एकही आली नव्हती, कारण ती आता एकेक डबी जीव मुठीत धरून करायची. पण हात हळू आणि डब्या दुप्पट. मालकीणबाई केबिनमधून दोनदा मान उंच करून बघून गेल्या. मी समोर बसून सगळं बघत होते आणि माझे हात शिवशिवत होते. उठावं, चार डब्या उचलाव्यात, कोण बघतंय? मग जबड्यात कळ यायची आणि मी खाली बसायचे.

अशात माझा नाइट गार्ड तिच्या टेबलावर पोचला. तिने तो पॉलिश करायला घेतला आणि नेमक्या मालकीणबाई केबिनमधून बाहेर आल्या. "हा आपल्याच माणसाचा ना? मग इथेच घालून बघू, डॉक्टरकडे कशाला हेलपाटा?" त्या तिच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. कुणी डोक्यावर उभं राहिलं की कुणाचा हात धड चालतो? धाकटीने घाईघाईने घासलं, कापूस फिरवायचा राहिलाच, आणि धुऊन गार्ड माझ्या हातात दिला.

मी घातला. चांगला बसला होता. पण डाव्या बाजूला, पार मागे, बारीक टोक लागत होतं. जिभेला लगेच कळलं.

"कसा आहे?" मालकीणबाईंनी विचारलं.

आता बघा माझी अवस्था. टोचतंय म्हणावं तर ही तिसरी परत आलेली डबी, आणि तीही मालकीणबाईंच्या डोळ्यांदेखत. छान आहे म्हणावं तर प्रश्नच मिटला. घरी जाऊन ह्यांच्या पॉलिशपेपरने दोन मिनिटांत मीच घासून टाकलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. इतके दिवस तेच तर करत आले होते. धाकटी माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. कामाच्या माणसाला समोरच्याच्या तोंडावरून कळतं.

मी म्हटलं, "बसलाय छान. पण डावीकडे मागे टोचतंय."

मालकीणबाईंनी धाकटीकडे बघितलं. मला वाटलं, संपलं सगळं, मी या पोरीच्या घरातली चूल विझवली. पण धाकटीने हात पुढे केला. "द्या इकडे." तिने कापसाचा बोळा घेतला, गार्डवरून सावकाश फिरवला. धागा अडकला. तिने चाक सुरू केलं. मालकीणबाई तशाच डोक्यावर उभ्या होत्या, पण आता ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. थोडं घासलं, परत कापूस, परत थोडं. शेवटी धुऊन माझ्या हातात ठेवला. "आता?"

मी घातला. जीभ फिरवली. कुठे काही नाही. "आता बरोब्बर."

"काम येतं तुला," मालकीणबाई म्हणाल्या. "मग हा ढीग कसला? गेल्या महिन्यापर्यंत यापेक्षा जास्त डब्या वेळेत जात होत्या. आता काय झालं? आणि या राहिलेल्या सगळ्या कोण करणार?"

काका छताकडे बघायला लागले. आणि मग, सवयीने म्हणा, काकांनी, धाकटीने आणि खुद्द मालकीणबाईंनीही माझ्याकडे बघितलं.

तोंडात गार्ड होता. बोलणं बोबडं निघालं, पण निघालं. "मी नाही."

या लॅबमध्ये मी शिव्या सोडून सगळं बोललेले आहे, पण हे दोन शब्द कधी बोलले नव्हते. मालकीणबाईंच्या भुवया वर गेल्या. आणि मग धाकटी बोलली.

"मॅडम, आधीच्या डब्या काकू करत होत्या. संध्याकाळी, सगळे गेल्यावर. माझे वडील अंथरुणाला आहेत. तीननंतर त्यांच्याजवळ कोणी नसतं. मला सकाळी सातला बोलवा, आत्या तेव्हा आलेली असते. मी तीनला घरी जाईन. तेवढ्या वेळात होतील तेवढ्या डब्या मी चोख करीन. पण दुप्पट नाही होणार. दुप्पट माझ्या कधीच झाल्या नव्हत्या."

मालकीणबाई स्टुलावर बसल्या. "वडील कधीपासून?"

"गेल्या वर्षापासून."

"वर्षभर? आणि मला सांगितलं नाहीस?"

धाकटी गोंधळली. अगदी साधेपणाने म्हणाली, "काकूंना सांगितलं होतं."

"काकू काय मालक आहेत इथे?" मालकीणबाई ओरडल्या. पण ओरडल्या त्या माझ्याकडे बघून. पोरीने माझ्याजवळ वर्षभर जीव मोकळा केला. मी सगळं ऐकून घेतलं, आणि ज्या एका माणसाच्या हातात तिची वेळ बदलणं होतं, तिथपर्यंत ते कधी पोचूच दिलं नाही. माझ्या टेबलापाशीच सगळं अडवलं. मदत केली, मदत केली म्हणून मिरवत होते मनातल्या मनात. मला स्वतःचीच इतकी चीड आली की दात आवळले, आणि गार्ड मध्ये असल्याने काहीच दुखलं नाही.

मालकीणबाईंनी धाकटीच्या टेबलावरचा ढीग एकदा नजरेने मोजला. मग म्हणाल्या, "सातला मी कुलूप उघडायला येणार नाही. किल्ली काकांकडून घे. महिनाभर बघू. कापूस फिरवायला विसरलीस तर याद राख." आणि उठून केबिनमध्ये गेल्या. दार मात्र हळू लावलं. त्यावरून काकांनी बाईंच्या स्वभावाबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण मी डोळे वटारले.

चहाच्या वेळी धाकटी कप घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बसेना.

"काकू, रागावलात?"

"मी कायमच रागावलेली असते. तू काय नवीन बघतेस?"

"तुम्ही 'मी नाही' म्हणालात ना, तेव्हा आधी मला धस्स झालं. वाटलं, आता माझ्या बाजूने बोलणारं कोणी उरलं नाही. मग म्हटलं, आपणच बोलावं." ती थोडं हसली. "नाहीतर मी गप्पच उभी राहिले असते बघा. तुम्ही काहीतरी कराल म्हणून."

मी खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली. "बस. पण चहा संपेपर्यंतच. मग तू तुझ्या जागी आणि मी माझ्या."

ती बसली. वडिलांनी काल लुळ्या पडलेल्या डाव्या हाताने चमचा धरला होता. पडला लगेच, पण धरला होता. ती हातवारे करून सांगत होती, कसा धरला, कसा पडला, आणि दोघं कसे हसले. मी शेवटच्या घोटापर्यंत सगळं ऐकलं. मग कप विसळून ठेवला आणि मेण वितळवायला घेतलं. संध्याकाळी घरी गेले, तर ह्यांनी विचारलं, "काय म्हणते तुझी धाकटी?" मी म्हटलं, "बरी आहे. तिचं ती बघते." आणि जेवायला बसले.